सर्जेरावची बाजू

दारू सोडायची तर माणूस माळ घालतो.
माझ्या व्यसनाला माळ नाही,
तोंडाला वास नाही, सकाळी डोकं जड नाही.
कुंदा म्हणते, प्यायला असतात तर बरं,
निदान झोपला तरी असतात.

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात मी मापाडी.
गोणी काट्यावर येते, लाल आकडे थरथरतात,
ठरतात, मी पुकारतो, चोपडीत उतरवतो.
तेवीस वर्षं माझ्या आकड्याला
कुणी हरकत घेतली नाही.

सुरुवात एका पुलावरून झाली.
म्हणजे, तो बांधला कुणी, यावरून.
सर्जेराव शेडगे, माथाडी, मूळचा पाटणकडचा,
पाठीवर गोणी घेऊन म्हणाला,
आमच्या माणसांनी.
मी म्हणालो, नारळ फोडणं म्हणजे बांधणं नव्हे.
त्यानं गोणी खाली टाकली. धप्प.
बस्स, तेवढंच.
त्या आवाजाची चटक लागली मला.

मग पाणीपट्टी, मग निर्यातबंदी,
मग सत्तेचाळीस साली कोण कुठे होतं
(आम्ही दोघंही जन्मलो नव्हतो).
पहाटेच्या चहाला एक फेरी,
गाड्या रिकाम्या झाल्या की दुसरी,
आणि रात्री कोपरखैरण्याला
तो त्याच्या गॅलरीत, मी माझ्या,
मधे गल्ली, दोरीवरचे कपडे,
दोघांच्या कानाला फोन.
शेजाऱ्यांनी ओरडू नका म्हणून बजावल्यापासून
आम्ही समोरासमोर उभे राहून
फोनवर भांडायचो.

घासाऐवजी मुद्दा चावायचो मी.
अंगावर पाणी ओतताना काही सुचलं
तर विसरायच्या आत साबणासकट बाहेर.
तीन निवडणुकांची टक्केवारी तोंडपाठ,
आणि शाळेत बाईंनी धाकटीचा वर्ग विचारला तेव्हा
मी ठामपणे म्हणालो, सातवी.
ती मागच्या वर्षी, म्हणाल्या बाई.

एका मंगळवारी, निधीच्या मुद्द्यावर ऐन रंगात,
मी चोपन्नाचे पंचेचाळीस लिहिले.
निफाडचा म्हातारा चोपडीकडे बघून म्हणाला,
भाऊ, काटा खोटा की तुम्ही?
तिथं थांबायला हवं होतं.
पण चूक माझी, म्हणून राग सर्जेरावावर.
म्हणालो, तुमच्यासारख्यांना फक्त ओझं वाहता येतं,
कुणाचं आहे ते कळत नाही.
त्याच्या पाठीवर गोणी होती.
ह्या वेळी त्यानं ती टाकली नाही.
अलगद ठेवली,
बाळ ठेवावं तशी.

नऊ दिवस समोरच्या गॅलरीत अंधार.
दोरीवर त्याचा सदरा मात्र रोज.
मी पाणी पीत उभा राहायचो,
फोन उगाच तपासायचो,
कुंदाला उकरून बघितलं,
ती म्हणाली, तुमचंच खरं, आणि कुशीवर वळली.
असलं जिंकणं अळणी लागतं.

शेवटी बेसिनच्या आरशात
दोन्ही बाजू मीच लढवू लागलो.
आधी सर्जेरावाच्या तोंडी
मुद्दाम येडपट काहीतरी घालायचो आणि खोडायचो.
पाचव्या रात्री तो सुधारला.
सहाव्या रात्री त्यानं मला गप्प केलं.
तोंडातला फेस थुंकून मी दिवा मालवला.

दहाव्या दिवशी तो काट्यापाशी आला.
माझ्याकडे बघेना.
मग मीच, आवाज जमेल तितका साधा ठेवून,
त्याची बाजू मांडली:
तुझं म्हणणं असं ना सर्जेराव,
की पूल तुझ्या पक्षानं बांधला?

तो वळला.
असं कवा म्हणालो मी?
पक्षाचं नाव तरी काढलं का?
आमचा थोरला व्हता तितं, सेंट्रिंगला,
आमच्या आळीतले सात जण.
आमची माणसं म्हणालो. तीच ती.

तीन वर्षं.
लाल आकडे थरथरत होते, ठरत नव्हते,
मागे गाडीवाला हॉर्न मारत होता,
माफी जिभेवर आलीच होती, खरंच आली होती,
आणि माझ्या तोंडून निघालं,
ते ठीक आहे, पण निधी कुणाचा?

सर्जेरावानं माझ्याकडे पाहिलं,
पुढची गोणी उचलली,
आणि टाकली.

धप्प.